अठ्ठावन्न टक्के आणि एक कोरा रकाना

लीड्सच्या आमच्या मंडळात माझी ओळख ‘ॲडमिशनवाल्या मेधाताई’ अशी करून देतात. ते ऐकल्यावर नवीन माणसाच्या चेहऱ्यावर काय उमटतं, ते मला पाठ झालंय. आधी आदर, मग हिशेब. आपल्या नात्यागोत्यात कोण पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, याची मनातल्या मनात उजळणी होते आणि ताटात वरणभात पडायच्या आत प्रश्न येतो, ‘ताई, एक जरा विचारायचं होतं.’

निवृत्त होऊन बराच काळ झाला तरी हे प्रश्न काही थांबले नाहीत. म्हणून या अंकाच्या संपादकांनी कामाबद्दल लिहा म्हटल्यावर ठरवलं, एकदा सगळं कागदावर उतरवून टाकू. मी इथल्या एका विद्यापीठाच्या प्रवेश विभागात होते, मास्टर्स आणि पीएचडीच्या बाजूला. प्रवेश मी देत नसे, तो प्राध्यापक देत. आलेला अर्ज उघडायचा, पदवीच्या गुणपत्रिका तपासायच्या, ते गुण इथल्या मापात बसवायचे आणि प्राध्यापकांपुढे एका पानात मांडायचे, एवढंच माझं काम. पण त्या एका पानावर कुणाचं तरी पुढचं आयुष्य ठरतंय, हे मला कधी विसरता आलं नाही. रविवारी भाजी निवडतानाही अर्ज डोक्यात फिरत असत.

इथलं माप असं की सत्तर टक्क्यांच्या वर फर्स्ट, साठच्या वर टू-वन म्हणजे वरचा सेकंड क्लास, पन्नासच्या वर टू-टू म्हणजे खालचा. बहुतेक नावाजलेल्या मास्टर्स कोर्सेसना टू-वन लागतं. म्हणजे पहिल्या नजरेत कुणीही तुमची हुशारी बघत नाही, तुम्ही साठच्या अलीकडे आहात की पलीकडे, एवढंच बघतात. इंग्लंडातच वाढलेल्या, एका मराठी डॉक्टरीणबाईंच्या मुलाला अडुसष्ट मिळाले, तर बाई फोनवर रडत होत्या. दहावीला पंच्याण्णव पडले नाहीत म्हणून घरात सुतक पाळणारी आपण माणसं. मी त्यांना म्हटलं, ‘अहो, इथे अडुसष्टला लोक पार्टी करतात.’ त्यांचा विश्वास बसला नाही. माझी समजूत घालताय, म्हणाल्या.

भारतातून येणाऱ्या गुणांची तऱ्हा आणखी वेगळी. एक विद्यापीठ ऐंशी टक्के खिरापतीसारखे वाटतं आणि दुसऱ्या ठिकाणी साठ मिळवताना मुलांच्या नाकी नऊ येतात. त्यासाठी आमच्याकडे तक्ता असे. कुठल्या विद्यापीठाचे किती टक्के म्हणजे इथलं टू-वन, ते त्यात ठरलेलं. तक्ता बऱ्यापैकी न्यायी होता. पण तक्त्याला टक्के कळतात, ते टक्के मिळवताना त्या पोराचं काय चाललं होतं ते कळत नाही.

त्यासाठी अर्जात एक वेगळा रकाना असतो. तुमच्या गुणांवर परिणाम होईल अशी काही अडचण आली होती का? आजारपण, घरातला मृत्यू, आणखी काही? इथली मुलं या रकान्यात मोकळेपणाने लिहितात. एकाने लाडकी मांजर गेल्याचं लिहिलं होतं, आणि प्राध्यापकांनी ते गंभीरपणे वाचलंही होतं. आपली मुलं हा रकाना कोरा सोडतात. कमी मार्कांचं कारण सांगणं म्हणजे सबब सांगणं, हे आपल्याला बालवाडीपासून शिकवलेलं. घरातलं घरात राहिलं पाहिजे, हेही त्याच्याच जोडीला. या कोऱ्या रकान्यांचा मला फार राग यायचा. गुणांमध्ये मध्येच भलामोठा खड्डा दिसतोय, आणि खड्ड्याबद्दल एक अक्षर नाही.

सईचा अर्ज तसाच होता. नाव बदललंय, पण हे लिहायला तिची परवानगी आहे.

सई नागपूरची. पदवीला पहिल्या वर्षी सत्तर, दुसऱ्या वर्षी एकोणचाळीस, त्यात दोन पेपर राहिलेले, आणि तिसऱ्या वर्षी पासष्ट. सरासरी अठ्ठावन्न. तिला हवा असलेला कोर्स होता औषधांच्या चाचण्यांमधल्या संख्याशास्त्राचा. तो फार थोड्या ठिकाणी शिकवतात आणि त्याला साठ लागत होते. तिने अर्जासोबत लिहिलेलं निवेदन वाचून मी खुर्चीत सरळ होऊन बसले होते. औषध लागू पडलं हे म्हणायचं कशाच्या जोरावर, हा प्रश्न त्या मुलीला खरोखर पडलेला होता. पाठ केलेली वाक्यं नव्हती ती. आणि रकाना मात्र कोरा.

अशा वेळी आम्हाला एक मुभा असते. अर्जदाराला साधा ईमेल करून विचारायचं, दुसऱ्या वर्षाबद्दल काही सांगायचं आहे का? मी ते करणारच होते. प्राध्यापकांची बैठक दुसऱ्या दिवशी दुपारी होती. त्या वर्षीची ती शेवटची बैठक, त्यानंतर जागा उरणार नव्हत्या. सकाळी गेल्या गेल्या पहिलं काम हेच, असं ठरवून मी घरी आले.

संध्याकाळी मेथी निवडायला घेतली आणि फोन वाजला. मंडळातल्या सुलभाताई होत्या. इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, वयाने माझ्यापेक्षा मोठ्या, मंडळाच्या गणपतीचं सगळं त्याच बघतात.

‘मेधाताई, बिझी आहात का? एक क्विक क्वेश्चन होता.’

‘बोला ना.’

‘माझी भाची आहे नागपूरला, धाकट्या बहिणीची मुलगी. सई. तिचं ॲप्लिकेशन तुमच्याकडेच आलंय म्हणे.’

मी लगेच म्हटलं, ‘सुलभाताई, थांबा. नाव घेऊ नका, पुढचं सांगू नका.’

पण त्या थांबल्या नाहीत. ऑपरेशनच्या टेबलापाशी बर्फासारखी थंड असणारी ही बाई भाचीच्या बाबतीत घाईला आलेली होती. ‘ऐका तर. सेकंड इयरला तिला टीबी झाला होता. मानेतल्या गाठींचा. इन्फेक्शियससुद्धा नव्हता, पूर्ण ट्रीटमेंट झाली, आता ठणठणीत आहे. पण घरी सगळ्यांना कावीळ सांगितलंय. तेव्हा हे तुम्ही मनातच ठेवा हं.’

‘अर्जात का नाही लिहिलं?’

‘अहो, स्थळं बघतायत तिला. नागपूरला एवढंसं कळलं तरी काय होईल ते मी तुम्हाला सांगायला हवं का?’

‘तुम्ही डॉक्टर आहात, सुलभाताई.’

‘लीड्सला डॉक्टर आहे. नागपूरला मी मुलीची मावशी आहे.’ लगेच पुढे म्हणाल्या, ‘तुम्ही नुसतं आतून सांगा ना. रिटन काही नको. त्या प्रोफेसरांच्या कानावर घाला फक्त, की जेन्युइन केस आहे.’

आतून. या एका शब्दाने माझ्या नोकरीत मला जेवढं छळलं तेवढं कुणी छळलं नाही. आपल्याकडे प्रत्येक कचेरीला एक दर्शनी दार असतं आणि एक आतलं, आणि दर्शनी दाराने जातो तो बावळट, अशी आपली पक्की समजूत. मायदेश सोडून पन्नास वर्षं झालेली माणसंसुद्धा ही समजूत सामानात घेऊन आलेली. त्यांना वाटतं, मेधाताई आत आहेत म्हणजे अर्धं काम झालं. प्रत्यक्षात होतं ते उलटंच. अर्जदाराच्या नातेवाइकाने माझ्याशी अर्जाबद्दल बोलणं काढलं की मला ते ऑफिसात जाहीर करावं लागतं, आणि त्या क्षणापासून त्या अर्जाला हात लावायचा नाही, त्यावर बोलायचं नाही, बैठकीत तो निघाला की खोलीबाहेर जायचं.

‘तुम्ही काय केलंत ते कळतंय का तुम्हाला?’ मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. ‘मी उद्या सकाळी तिला स्वतःहून विचारणार होते. तो एक ईमेल पुरला असता. आता मला तो करता येणार नाही.’

‘पण मी फोन केला हे कुणाला कळणारे?’

‘मला कळलंय ना.’

बारीक आवाजात प्रश्न आला, ‘मग आता?’

‘कुणीही फोन केला तर आम्ही जे सांगतो तेच सांगते, वेबसाइटवरही आहे. जादा माहिती बैठक सुरू होईपर्यंत पाठवता येते. ती अर्जदाराने स्वतः पाठवायची.’

‘तिची आई पाठवू देणार नाही.’

‘मग अर्ज आहे तसाच जाईल.’

सुलभाताईंनी फोन ठेवला. ठेवते म्हणून म्हणाल्यासुद्धा नाहीत. मेथी तशीच राहिली, आम्ही ब्रेड खाल्ला.

सकाळी ऑफिसात जाऊन मी सांगून टाकलं. सईचा अर्ज हेलनकडे गेला. हेलन माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची, यॉर्कशरची, कामाला चोख, मनाने चांगली. तिने माझं पान वाचलं, अठ्ठावन्नवर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘मेधा, याच्यात मला माहीत असायला हवं असं काही आहे?’

त्या वेळी जिभेच्या टोकावर आलेला शब्द गिळताना मला काय झालं ते कसं सांगू? ‘तिला विचार’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. हेलनला ते गैर वाटलंही नसतं. पण मग पुढच्या वेळी? एका मराठी मुलीसाठी एकदा आतून बोलले असते, तर पुढे माझ्या टेबलावरून गेलेल्या प्रत्येक मराठी नावाकडे लोकांनी दोनदा बघितलं असतं. जी मुलं नुसत्या मेहनतीवर येत होती, त्यांच्याकडेसुद्धा. हे मला तेव्हा पटत होतं आणि आजही पटतं. पटलं म्हणून बोचत नाही असं मात्र नाही.

‘मला या अर्जावर बोलता येत नाही,’ मी म्हटलं. हेलनने मान हलवली आणि पान बैठकीच्या गठ्ठ्यात ठेवलं. तिला तो ईमेल करता आला असता, पण करायलाच हवा असा नियम नव्हता, आणि तिच्यासमोर दिवसभराचे अर्ज होते. मी घड्याळाकडे बघत बसले. नागपूरला दुपार झाली असणार. जेवणं उरकली असतील. आई झोपली असेल का?

तेवढ्यात ऑफिसचा फोन वाजला. माझ्यासमोरचाच. मी उचलून नेहमीचं वाक्य म्हटलं. पलीकडून एक मुलगी इंग्रजीत बोलायला लागली, हळू आवाजात, तोंडाजवळ हात धरल्यासारखी. ‘मला माझ्या अर्जात काही माहिती द्यायची आहे. आज दिली तर चालेल का?’ आणि तिने अर्जाचा नंबर सांगितला. तो नंबर मला पाठ होता.

मी काही बोलायच्या आत तिच्या मागून एका बाईचा आवाज आला. ‘सई, कुणाशी बोलतेयस गं?’

त्या ऑफिसात ते वाक्य समजणारी मी एकटी. या मुलीशी बोलायला मला बंदी होती, आणि तिच्याकडे किती वेळ आहे ते मला ऐकू येत होतं. मी शक्य तेवढ्या शांतपणे इंग्रजीत म्हटलं, ‘कृपया फोन चालू ठेवा, माझी सहकारी तुमच्याशी बोलेल,’ आणि हेलनकडे फोन जोडला.

हेलनने उचलला. ‘हॅलो?’ म्हणाली. पुन्हा ‘हॅलो?’ मग माझ्याकडे बघून खांदे उडवले. ‘फोन कट झाला. कोण होतं?’

मी नंबर सांगितला. आलेल्या फोनबद्दल सांगायला बंदी नव्हती. हेलनने नोंदीतला मोबाइल नंबर काढून उलट फोन लावला, तर तो बंद. ‘पुन्हा करेल,’ ती म्हणाली आणि पुढच्या कामाला लागली. पुन्हा फोन आला नाही. मी सकाळभर त्या फोनकडे बघत राहिले. एकदा वाजला, तर प्रिंटरचा टोनर विकणारा.

दुपारी बैठक सुरू झाली. मुख्य होते ग्रॅहम, या कोर्सचे प्राध्यापक. माणूस सरळ, पण साठच्या खालच्या अर्जांच्या बाबतीत कठोर. ‘आमचा कोर्स दमवतो, दबावाखाली कोलमडणारी मुलं इथे आणून आपण त्यांचंच नुकसान करतो,’ असं ते नेहमी म्हणत, आणि त्यात तथ्य होतं. ‘दुसऱ्या वर्षी कोलमडली’ हे वाक्य ते सईच्या पानावर उच्चारणार, हे मला बाहेर जायच्या आधीच ऐकू येत होतं.

तिचा अर्ज निघाला तशी मी उठले. बाहेरच्या पॅसेजमध्ये किटली होती, तिथे जाऊन उभी राहिले. दाराला काचेची उभी पट्टी होती. आतलं ऐकू येत नसे, दिसत असे. अठ्ठावन्न टक्के आणि कोरा रकाना, असा अर्ज ग्रॅहम बोलता बोलता बाजूला सारत. किटलीतलं पाणी उकळायच्या आत मला परत बोलावतील, असं मी धरून चालले होते.

पाणी उकळलं. मी चहा केला. चहा निवला. ग्रॅहमनी चष्मा काढून टेबलावर ठेवलेला दिसला. हेलन तिच्या स्क्रीनवरून काहीतरी वाचून दाखवत होती. कुणीतरी मान हलवली, पण कुठल्या दिशेने ते पट्टीतून कळेना. दुसऱ्या एका प्राध्यापिकेने हात वर करून जोराने काही म्हटलं आणि ग्रॅहम खुर्चीत मागे रेलले. तो निवलेला कप मी तसाच धरून उभी होते. शेवटी दार उघडलं. ‘ये आत,’ हेलन म्हणाली, आणि पुढचा अर्ज निघाला.

काय ठरलं, हे मी विचारलं नाही. विचारायचं नसतं. संगणकावरही ती नोंद मला आता उघडत नव्हती. सुलभाताईंना विचारणं तर शक्यच नव्हतं. मंडळाच्या कमिटीच्या मीटिंगांना त्या माझ्याशी फक्त गणपतीच्या हॉलचं भाडं आणि कौन्सिलची परवानगी एवढंच बोलत, तेही दुसऱ्या कुणाकडे तरी बघून. मी घरी नवऱ्यालाही काही सांगितलं नव्हतं. अख्खा उन्हाळा मी त्या न कळलेल्या निकालासकट काढला. आयुष्यात स्वतःच्या निकालाची इतकी वाट बघितली नव्हती.

गणपतीत आरतीनंतर मी वाढायला उभी होते. रांगेत एक अनोळखी मुलगी आली. केस वर बांधलेले, आणि मानेवर डाव्या बाजूला एक सुरकुतलेला व्रण. ओढणी दुसऱ्या खांद्यावर होती. तो व्रण झाकायला तिला सहज जमलं असतं.

‘तुम्ही मेधाताई ना? मी सई. सुलभामावशीची भाची. आजच आले, मंडेपासून कोर्स सुरू.’

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. मागची रांग खोळंबली, तेव्हा भानावर आले.

जेवताना ती माझ्याच शेजारी येऊन बसली. सुलभाताई समोरच्या टोकाला पाणी वाढत होत्या आणि आमच्याकडे बघत नव्हत्या. सईने आपणहून सांगितलं. बैठकीच्या आदल्या दिवशी मावशीचा मेसेज आला होता, ‘आईला विचारू नकोस, स्वतः लिही.’ दुसऱ्या दिवशी, बैठकीच्या जरा आधी, तिने इमारतीच्या पार्किंगमध्ये जाऊन मोबाइलवर चार ओळी लिहून ऑफिसला पाठवल्या. टीबी झाला होता, बरा झाला, त्या वर्षी गोळ्यांनी उलट्या होत असताना पेपर दिले, घरच्यांना मी हे लिहितेय ते माहीत नाही. बैठकीने डॉक्टरांच्या दाखल्याच्या अटीवर जागा दिली. कागद घरी कुणी ठेवलेच नव्हते. सुलभाताईंनी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना गाठून, हक्काने बोलून तो दाखला मिळवला.

‘आणि आई?’ मी विचारलं.

‘व्हिसासाठी टीबीची टेस्ट करावीच लागते. त्या सेंटरवर बोर्डच लावलाय केवढा तरी. आईला तिथे माझ्याबरोबर बसायला लागलं.’ ती थोडं हसली. ‘आजाराचं कळलं आणि एक स्थळ गेलं. त्याचं मला काही वाटलं नाही. आईला वाटलं.’

तो फोन मीच उचलला होता हे न सांगता, विचारू नये ते मी विचारलं. ‘आधी फोन का नाही केलास ऑफिसला?’

‘केला होता ना. मीच कट केला.’

‘आई आली म्हणून?’

‘नाही हो. आई तर दिवसभर हाका मारते.’ तिने वरणात भात कालवला. ‘फोन ज्यांनी उचलला ना, त्या आपल्याकडच्या होत्या. इंग्लिश बोलत होत्या, पण उच्चार लगेच कळतो. मी एकदम घाबरले. म्हटलं, आपल्यातलंच कुणीतरी आत बसलंय. म्हणजे आता संध्याकाळपर्यंत हे नागपूरला पोचणार.’

इतकी वर्षं लोकांनी मला आपलं माणूस म्हणून आत हवंहवंसं धरलं, त्याचा मला वैताग होता आणि थोडा अभिमानही होता. माझ्या आवाजाने कुणी फोन ठेवत असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं.

‘ती मीच होते,’ मी म्हटलं.

‘माहीत आहे. मघाशी तुम्ही वाढताना बोललात, तेव्हाच ओळखलं.’

मी तिच्या ताटात एक मोदक ठेवला. ‘माझ्याकडून नाही पोचलं नागपूरला,’ मी म्हटलं.

‘हो,’ सई म्हणाली. ‘म्हणून तर तुमच्या शेजारी येऊन बसले.’